उंबरठ्यावरचा खोकला

१

नवरा घरात शिरताना खोकतो, ही काही चारचौघांत सांगण्याजोगी तक्रार नव्हे. रंजितानेही ती कुणाला सांगितली नाही. दिवेलागणीला ती चुलीपुढे भाकऱ्या थापत बसली होती, तव्यावरची भाकर उलटायला आली होती, तेवढ्यात दाराबाहेर चपला वाजल्या, थांबल्या आणि कुणीतरी घसा खाकरला. रंजिताचा पिठाचा हात आपोआप वर गेला आणि पदर कपाळाच्या खाली ओढला गेला. मग तिच्या ध्यानात आलं की तसं खाकरणारा माणूस आता या घरात उरलेलाच नाही.

खाकरायचा तो तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ खेमसिंग. फुलसावंगीच्या अलीकडच्या त्या बंजारा तांड्यात अजून ही रीत चालते. धाकट्या भावाच्या बायकोने जेठापुढे तोंड झाकायचं, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. जेठानेही दाराशी आधी खाकरायचं, म्हणजे तिला पदर घ्यायला सवड मिळते. लग्न होऊन आल्यापासून रंजिताने जेठाचा चेहरा नीट असा पाहिलाच नव्हता. खोकला मात्र चांगला ओळखीचा होता, आधी छोटा, मग घशात अडकल्यासारखा एक लांब. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन काढताना वीज पडली आणि खेमसिंग गेला. नवरा भारत तेवढा वाचला. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातून तो घरी आला त्याला अजून आठवडा झाला नव्हता.

तिने पदराआडून पाहिलं. दारात भारतच उभा होता.

"अजी, घर तुमचंच हाये," ती हसून म्हणाली. "भाकर करपून राह्यली ना."

भारत हसला नाही. ती चुलीपासून बाजूला होईपर्यंत तो तसाच थांबला आणि मग जमिनीकडे बघत तिच्या अंगावरून आत गेला. ती उठल्याशिवाय त्याला आत यायचं नव्हतं, हे तिला जरा उशिरा कळलं.

२

वीज पडली तेव्हा रंजिता रानात नव्हती. हंसाबाई होती. रंजिताच्या मनातल्या सगळ्या जळजळीचं मूळ तिथेच होतं.

हंसाबाई म्हणजे खेमसिंगची बायको, रंजिताची थोरली जाऊ. तिची मुलगी वर्षा पुसदला वसतिगृहात राहून शिकत होती. दोन्ही भावांचं अंगण एक, चुली मात्र दोन. सासू मानीबाई मन मानेल त्या चुलीवर जेवायची. त्या दिवशी आभाळ भरून आलं तसे दोघे भाऊ सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढायला धावले. दोघांच्याही अंगात सारखेच निळे रेनकोट होते, खताच्या दुकानातून फुकट मिळालेले. हंसाबाई बांधावरून पोचली तेव्हा दोघेही चिखलात पालथे पडले होते आणि दोघांचाही श्वास बंद होता.

थांबलेलं हृदय छाती दाबून कसं चालू करायचं, हे शिकवणारी माणसं मागच्या उन्हाळ्यात तांड्यात येऊन गेली होती. दवाखान्यातल्या डॉक्टर अर्पिता यांचं ते संशोधन होतं. जिथे दवाखान्याची गाडी पोचायला वेळ लागतो अशा गावांत लोकांनीच छाती दाबली तर किती माणसं वाचतात, आणि वाचलेल्यांचं पुढे काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. तांड्यातल्या बाया रबरी पुतळ्याला हसत हसत शिकल्या. रंजिता तेव्हा माहेरी दिग्रसला गेली होती. हंसाबाई शिकली.

म्हणून तिने एकाला उताणं केलं आणि गाडी येईपर्यंत त्याची छाती दाबत राहिली. तो भारत निघाला. दुसऱ्याला दाबायला रानात दुसरं कुणी नव्हतंच.

दवाखान्यात सगळ्यांनी हंसाबाईचे पाय धरले. रंजितानेही धरले. आपला नवरा मेला आणि दिराला जिवंत केलं, अशी बाई कुठे पाहायला मिळते, असं जो तो म्हणत होता. रंजिता मान डोलवत होती. भारतच्या उघड्या छातीवर मधोमध एक काळानिळा डाग होता, तळहाताएवढा. नर्सने तो कौतुकाने दाखवला आणि या हाताने तुमचं कुंकू राखलं असं म्हणाली. रंजिताला त्या डागाकडे बघवेना. आपल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्या बाईचा हात उमटलाय आणि त्याबद्दल आपण तिचे उपकार मानायचे, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

३

डॉक्टर अर्पिता महिन्याभराने तांड्यात आल्या. वाचलेल्या माणसाला, घरच्यांना आणि छाती दाबणाऱ्याला भेटायचं, असा त्यांच्या कामाचा रिवाज होता. बाई तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या होत्या आणि चहा मागून घेणाऱ्या होत्या.

रंजिताने त्यांना खोकल्याबद्दल विचारलं, पण आडून. डॉक्टर म्हणाल्या की छाती दाबताना फासळ्या मोडतात, त्या जुळेपर्यंत माणूस खोकतो. मेंदूला काही वेळ रक्त मिळत नाही, त्यामुळे स्वभावही थोडा पालटतो. कुणी चिडका होतो, कुणी अबोल होतो. घाबरायचं कारण नाही. सगळं पटण्यासारखं होतं. रंजिताला पटवून घ्यायचंही होतं.

"घरात वागण्यात काही बदल वाटतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

रंजिता नाही म्हणाली. माझा नवरा माझ्याकडे बघत नाही, हे त्या पोरीला सांगायचं म्हणजे अंगणापलीकडे बसलेल्या हंसाबाईला ऐकवण्यासारखं होतं.

मग हंसाबाईची पाळी आली. छाती कशी दाबली ते तिने गोधडीवर दाबून दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, दाबताना तोंडाने काय म्हणत होतात? कारण हाक मारत राहा, असं त्यांनीच शिकवलं होतं, आणि हाकेने काही फरक पडतो का हेही त्यांना पाहायचं होतं. हंसाबाई पदराचं टोक चुरगळत म्हणाली,

"वर्षाचे बापू, उठा. वर्षाचे बापू, उठा. असंच म्हनत होती."

डॉक्टरांनी मान वर केली. हंसाबाई खालच्या आवाजात सांगू लागली. रेनकोट सारखे, तोंडाला चिखल. तिला वाटलं, हा आपलाच नवरा. नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही, म्हणून लेकीच्या नावाने हाक मारली. मग पावसाने तोंड धुतलं गेलं आणि दिसलं की हा भारत आहे.

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"थांबाचं नाई, असं तुमीच सांगतलं होतं ना बाई. मी थांबली नाई."

"पण हाक बदलली असेल. भारत म्हणालात?"

हंसाबाईने मान हलवली. हाक तीच राहिली, म्हणाली. तोंडातून दुसरं निघेच ना. वर्षाचे बापू म्हणता म्हणताच त्याने डोळे उघडले.

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रंजिता उठून चुलीकडे गेली. चूल विझलेली होती तरी ती फुंकत बसली.

४

त्यानंतर तिचे कान टवकारलेलेच राहिले.

पूर्वी हंसाबाई भारतला नावाने बोलवायची. भारत, इकडं ये, भारत, दोर धर, असं तिचं दिवसभर चाले, आणि तोही वहिनीची थट्टा करायचा. आता ती त्याचं नाव घेईना. चहा झाला की कप ओट्यावर ठेवायची आणि हवेत म्हणायची, "थंडा होऊन राह्यला." आणि भारत यायचा. रंजिताने चार हाका मारल्या तर एकीला ओ द्यायचा. तिकडे नुसत्या कपाच्या आवाजाला उठायचा.

त्याने खाट बाहेर छपरीत टाकली होती. आत गरम होतं, म्हणाला, आणि तेही मानीबाईला म्हणाला. थंडीचे दिवस होते. जेवायला मात्र तो रंजिताच्या चुलीवरच बसायचा, मान खाली घालून, मुकाट. भाकर हवी असली की, "याडी, भाकर पाह्यजे म्हना," असं आईला सांगायचा. याडी म्हणजे आई, आणि ती बिचारी भाकरीच्या डब्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या सुनेला तोच निरोप द्यायची. एक लेक उरला यातच मानीबाईला सगळं मिळालं होतं. तो कुणाशी बोलतो आणि कुणाशी नाही, हे बघायची तिची तयारी नव्हती.

रंजिताने सतरा कारणं शोधली. भावाचं दुःख असेल. औषधांची गुंगी असेल. वहिनीने जीव वाचवला, तिच्याकडे माणूस ओढला जाणारच. हे शेवटचं कारण तर तिला सगळ्यात वाईट वाटायचं, कारण त्यात भुताखेताची गरज नव्हती. शेजारच्या तानाबाईने एकदा पाणी भरताना सहज विषय काढला. पूर्वी आपल्यात विधवा वहिनी दिराच्याच घरात बसायची, आताच्या पोरी नाही ऐकणार म्हणा. रंजिताने तिच्याकडे अशी नजर टाकली की तानाबाई अर्धा हंडा घेऊन निघून गेली.

तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण तिचा मत्सर भीतीहून मोठा होता. कोण आलंय, यापेक्षा कुणासाठी आलंय, हेच तिला जास्त टोचत होतं.

५

एका दुपारी मानीबाई शेजारी गेली होती आणि हंसाबाई रानात. भारत आतल्या खोलीत कुऱ्हाडीचा दांडा शोधत होता. रंजिता दारात जाऊन उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर काढला, खांद्यावरचाही ढळू दिला, केस मोकळे सोडले. लग्नाच्या पहिल्या वर्षी असं उभं राहिलं की भारतला दांडाबिंडा काही आठवत नसे.

तो वळला, त्याने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा शरमेने काळाठिक्कर पडला. तो मागे सरकत थेट भिंतीला टेकला आणि त्याने तोंड कोपऱ्याकडे फिरवलं. आपण फार मोठं पाप पाहिलं, असे त्याचे खांदे आवळले होते.

"कोनी हाये काय अंगनात?" तो भिंतीलाच मोठ्याने म्हणाला. "हिले म्हना, बाजूले सर. मले जाऊ दे."

"अंगनात कोनी नाई," रंजिता म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मी तुमची बायको हाव. माह्याकडं पाहा."

तो पाहीना. तिने विचारलं, मला बघायला दिग्रसला आले तेव्हा काय झालं होतं, सांगा. तो भिंतीकडे बघूनच हळूहळू सांगू लागला. चहात मीठ पडलं होतं. कुणी बोललं नाही, सगळ्यांनी पिऊन टाकला. बरोबर होतं. रंजिताच्या जिवात जीव आला. ती दोन पावलं पुढे झाली, आणि मग तिला आठवलं की त्या दिवशी मुलाकडून बघायला दोघे भाऊ आले होते. खारट चहा खेमसिंगनेही प्यायला होता.

तिने पदर घेतला. तेव्हा कुठे तो भिंतीपासून सुटला आणि अंग चोरून तिच्या बाजूने बाहेर पडला.

६

डॉक्टर अर्पिता यांनी निरोप पाठवला होता. भारतचं हृदय अजून कच्चं आहे, पुन्हा थांबू शकतं, घरातल्या प्रत्येकाला छाती दाबता आली पाहिजे. तांड्याच्या मंदिरापुढच्या मंडपात परत तो रबरी पुतळा आला. या वेळी रंजिता सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

ती इतकी जोर लावून शिकली की शिकवणाऱ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यावर किती जीव आहे बघा, असं बाया म्हणाल्या. जीव होताच. पण तिच्या मनात काय होतं ते त्यांना कळलं असतं तर टाळ्या थांबल्या असत्या. हाकेने एक माणूस जाऊन दुसरा येत असेल, तर हाकेनेच तो परतही येईल. फक्त ते हृदय एकदा थांबायला हवं, आणि थांबेल तेव्हा हात माझे हवेत. नवऱ्याचं हृदय थांबण्याची वाट बघणारी बायको आपण झालो, हे तिला मंडपातून घरी येताना चिंचेखाली कळलं. विचार मात्र तिने सोडला नाही.

७

तो दिवस फुलसावंगीच्या बाजाराचा होता. मानीबाई सकाळीच गेली होती. अंगणात उन्हात तूर वाळत घातली होती. एका टोकाला हंसाबाई पाखडत होती, दुसऱ्या टोकाला रंजिता निवडत होती, आणि मध्ये भारत पोत्यांची तोंडं शिवत होता. सुपाचा आवाज तेवढा येत होता.

भारतच्या हातातली सुई खाली पडली. तो ती उचलायला वाकला आणि तसाच तुरीवर तोंडघशी कोसळला.

रंजिता आधी पोचली. तिने त्याला उताणं केलं, गालाशी कान नेला. श्वास नव्हता. हंसाबाई पलीकडून गुडघ्यांवर आली, तिचे हात त्याच्या छातीकडे गेलेच होते, पण रंजिताने ते झटकून टाकले.

"मी दाबतो," ती म्हणाली. "तू फोन लाव."

हंसाबाईने गाडीसाठी फोन लावला, तांड्याचं नाव सांगितलं आणि परत आली. रंजिता दाबत होती. शिकवल्याप्रमाणे सरळ कोपर, अंगाचा सगळा भार हातांवर. तूर चहूकडे उडत होती. काहीच होत नव्हतं. आणि हंसाबाईचं तोंड उघडलं.

"वर्षाचे बा..."

रंजिताने छातीवरचा हात काढून तिच्या तोंडावर दाबला. जोरात, दात ओठांत रुतावेत इतका जोरात. आपण थांबलोय, एक क्षणही थांबायचं नसतं, हे तिला कळत होतं, तरी हात निघेना. दोघी एकमेकींच्या डोळ्यांत पाहत राहिल्या. मध्ये माणूस निळा पडत होता. मग हंसाबाईने तिचा हात हळूच आपल्या तोंडावरून काढला. तिच्या ओठातून रक्त आलं होतं.

"दाब, रंजी. मी नाई बोलत. तूच बोलाव. ज्याले बोलवाचं त्याले बोलाव."

रंजिता परत दाबू लागली. आता हाक मारायची होती, आणि हीच ती वेळ होती जिची तिने वाट पाहिली होती. तिने तोंड उघडलं. नाव जिभेच्या टोकावर होतं, तीन अक्षरांचं तर होतं. ते तिने जन्मात उच्चारलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं आईने सांगितलं होतं, सासूने सांगितलं होतं, आणि हसण्यावारी नेलेली ती गोष्ट आता तिच्या घशात येऊन बसली. आधीच धाग्यावर लटकलेला जीव, आणि आपणच तो तोडायचा? दुसऱ्या कशाने हाक मारावी, तर तिला लेकरू नव्हतं. अमक्याचे बापू म्हणायला तिच्याकडे कुणीच नव्हतं. ती रडू लागली, दाबत राहिली, आणि तिच्या तोंडून तेच आलं जे रोज यायचं.

"अजी, उठा ना. अजी, ऐकता काय. या ना वापस. अजी, या."

हंसाबाई एकदम ताठ झाली. तिने रंजिताचा दंड धरला आणि ओढला. "अशी नको बोलावू," ती पुटपुटली. "नाव घे. नाई त चूप राहा. अशी मोकळी हाक नको मारू, कोनीबी येईल."

पण रंजिताच्या हाताखाली काहीतरी हललं होतं. छाती आपणहून वर आली, खाली गेली, परत वर आली. तिने आनंदाने किंकाळीच फोडली. ती वाकून त्याच्या तोंडाकडे पाहू लागली, आणि मनातल्या मनात म्हणाली, खोकू नको. फक्त खोकू नको.

तो खोकला नाही.

त्याने डोळे उघडले. नजर खाली गेली नाही, भिंतीकडे वळली नाही. त्याने रंजिताकडे सरळ पाहिलं, कपाळापासून गळ्यापर्यंत, काही घाई न करता. त्या पाहण्यात ओळख नव्हती, लाजही नव्हती, आणि भारतचा मिश्कीलपणा तर नावालाही नव्हता. मग त्याने मान वळवून हंसाबाईला तसंच पाहिलं, बाजारात बैल पाहावा तसं. मग छपरी पाहिली, पोती पाहिली, दोन्ही चुली पाहिल्या. रंजिताचे हात अजून त्याच्या छातीवर होते. त्याने आपला तळवा त्यांच्यावर ठेवला. तळवा गरम होता.

"घरात तुमी दोघीच राह्यता काय?" त्याने विचारलं.

दूर डांबरी रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजू लागला होता. रंजिताने एक हात कसाबसा सोडवला आणि हंसाबाईचा हात धरला.